पन्नासातलं एक काडतूस

"उद्या एक वाजता येतो आणि ते घेऊन जातो," वेंडेल म्हणाला आणि माझ्या ताटातला बटाट्याचा काप उचलून त्यानं तोंडात टाकला. ईस्टरच्या आधीचे उपासाचे शुक्रवार चालू होते. चर्चच्या तळघरात लांब टेबलं, कागदाची ताटं, तळलेला मासा, कोबीची कोशिंबीर, तेलाचा वास ओल्या कोटांत मुरलेला, आणि सगळं टोलीडो शहर एकमेकांच्या कोपरांना कोपरं लावून बसलेलं. "ते म्हणजे?" मी विचारलं. मला माहीत होतं. "ते रे, तुझ्या तळघरातलं. आता बरा आहे मी, नॉर्ब." आणि तो खरंच बरा दिसत होता. दाढी घोटलेली, शर्टाला इस्त्री. तेच मला लागलं, चालताना मोज्यातला खडा लागतो तसं. इतक्यात समोरून लोरेटा ओरडली, "वेंडेल, माझं काचेचं भांडं परत केलंस ते केलंस, वर आत केक! फेयला तरी सुचलं असतं का?" वेंडेल म्हणाला, "फेयनंच बडवून शिकवलंय, रिकामं भांडं परत करायचं नाही." टेबलभर हशा झाला. मीही हसलो. मग माझ्या लक्षात आलं की मी दाराजवळच्या टेबलावरची माणसं मोजतो आहे, आणि त्यांतल्या कुणाकुणाची भांडी वेंडेलनं गेल्या दोन आठवड्यांत परत केली तेही मोजतो आहे. सगळ्यांचीच केली होती.

वेंडेलची बायको फेय ऑक्टोबरात गेली तेव्हा लोकांनी भांड्यांतून जेवण आणून दिलं. बटाटे, नूडल्स, चीज, कोंबडी, सगळं एकाच पिवळ्या रंगाचं. प्रत्येक भांड्याच्या बुडाला कागदी पट्टी, पट्टीवर नाव. ती भांडी चार महिने वेंडेलच्या ओट्यावर घासून उपडी पडली होती. मला ते पाहून बरं वाटायचं. भांडी पडलेली आहेत म्हणजे माणूस अजून दुःखात आहे, आणि दुःखात आहे म्हणजे आहे. आता ओटा मोकळा. गेल्या मंगळवारी माझी शिडीही परत आली, पायांना नवे रबराचे बूट घालून. त्या दोघांचं घर मी कधी इतकं आवरलेलं पाहिलेलं नाही. हे सगळं मी शुक्रवारी माशाचा काटा काढताकाढता विचारात घेत होतो असं म्हणणं खोटं होईल. शुक्रवारी मी फक्त म्हणालो, "एक वाजता. बरं." डिसेंबरातही मी एवढंच म्हणालो होतो. शाळेच्या बॉयलरखोलीत आम्ही दोघंच होतो. तीस वर्षं आम्ही ह्या शहराच्या शाळा गरम ठेवतो आहोत. त्यानं डबा असावा तशी कागदी पिशवी माझ्या हातात दिली. "हे जरा तुझ्याकडे ठेव. घरात नको वाटतंय." "बरं." आमच्याकडे हे असंच करतात. एक देतो, दुसरा घेतो, का म्हणून कोणी विचारत नाही. माझ्या बापानं माझ्या काकाची बंदूक एक अख्खा हिवाळा कोळशाच्या पेटीमागे ठेवली होती. वसंतात काकानं मागितली, बापानं दिली, काका बदकं मारायला गेला आणि पुढं ऐंशी वर्षांचा होऊन मेला. मागितलं की द्यायचं, हेही त्यातच येतं. नाही दिलं तर पुढच्या हिवाळ्यात कोणी कोणाकडे काही ठेवणार नाही.

पिशवीत पिस्तूल होतं, माहितीपत्रक होतं, पन्नास काडतुसांचा डबा होता आणि दुकानाची पावती होती. पिस्तूल म्हणजे काय, चौकोनी ठोकळा. गाडीला चार टायर टाकण्यापेक्षा स्वस्त. वरचा सरकता भाग, स्लाइड, जस्ताचा ओतीव, विटेसारखा जड, कारण आत एका स्प्रिंगखेरीज फारसं काही नाही आणि सगळं काम वजनावरच भागवलेलं. महागड्या पिस्तुलाची गंमत त्याच्या आत असते, ह्याची बाहेरच. तरी मला ते आवडलं. न शोभणाऱ्या, पण चालणाऱ्या वस्तूंशी माझं जमतं. बॉयलरही तसेच असतात. डबा उघडून पाहिला. पन्नास भोकं, पन्नास काडतुसं, सगळी बुडं वर. एकाच्या बुडातल्या टिकलीवर बारीकसा खळगा. पिन आपटली होती, पण जोरात नाही. एक फुसकं निघालंय, मी मनात म्हणालो. माझं डोकं तीस वर्षांत असंच झालं आहे. त्याला प्रसंग दिसत नाही, बिघाड दिसतो. जानेवारीत एका रविवारी मी पिस्तूल उघडलं. पिनेच्या वाटेत कारखान्यातलं ग्रीस गच्च भरलेलं, पिवळं, थंडीनं मेणासारखं झालेलं. नवी वस्तू आली की आधी ते पुसून काढायचं असतं. मला हे कोणी शिकवलं तर वेंडेलनं, नव्या पंपावर, एकोणीसशे एक्क्याण्णव साली. "पुसल्याशिवाय चालू करणारा माणूस एकतर गाढव असतो नाहीतर घाईत," तो म्हणाला होता. मी पुसलं. मॅगझिनचे, म्हणजे काडतुसं भरायच्या डबीचे, ओठ पकडीनं किंचित आत वळवले, काडतूस अडकू नये म्हणून. गोळी वर चढते तो उतार बारीक कागदानं घासून आरशासारखा केला. रोज जेवण झालं की तळघरात. माझी बायको डोलोरेस ॲरिझोनाला बहिणीकडे गेल्यापासून मला इतकं चांगलं कधी वाटलं नव्हतं. सहा आठवडे मी गाढ झोपलो. मागून आणलेली वस्तू आणली त्यापेक्षा चांगली करून द्यायची असते, शिडीला बूट घालून द्यायचे असतात, भांड्यात केक घालून द्यायचा असतो. मी वेंडेलसाठी केक भाजत होतो.

शनिवारी सकाळी नऊला मी रेंजवर होतो. द्यायच्या आधी चालवून बघायला नको? बर्फ वितळून सगळीकडे राखाडी चिखल. छपराखाली पाच टेबलं, माणूस मी एकटाच. "काय रे नॉर्ब, वीट आणलीस होय?" बर्निस म्हणाली. बर्निस रेंज सांभाळते. सत्तरीची, कानांवर मोठे हिरवे कानझाक, तोंडात दालचिनीची गोळी. "माझ्या पुतण्याकडे आहे असलं एक. दार उघडं राहावं म्हणून लावतो." "माझं नाहीये," मी म्हणालो. "सगळे असंच म्हणतात." मी डब्यातून आठ काडतुसं काढून मॅगझिनमध्ये भरली. अंगठा दुखला. खळगावालं डब्यातच राहू दिलं. स्लाइड मागे ओढून सोडली.

एक. धक्का मनगटात नाही, दातांत बसतो. कागद पंचवीस पावलांवर, भोक खांद्याच्या जरा वर. म्हणजे कागदावरच्या माणसाच्या खांद्याच्या. दोन. स्वस्त पिस्तूल ढिल्या हातानं धरलं तर अडकतं, त्याला मागं ढकलायला काहीतरी घट्ट लागतं. धरणाऱ्याचा हात ढिला असेल तर दुसरी गोळी वर चढतच नाही. पण पहिली तर आधीच चढलेली असते. हे का आठवलं? तीन. फेय शेवटी शेवटी वेंडेलला म्हणायची, तू बॉयलर ऐकतोस तसं मला ऐक. तो तिच्या पाठीला कान लावून ऐकायचा, मी दवाखान्यात दारात उभा राहून पाहिलं आहे. मग त्यानं मान उचलली आणि मला म्हणाला, पाणी भरतंय. डॉक्टर दोन दिवसांनी तेच म्हणाले. चार. बर्निस मागे गुणगुणते आहे. माझा हात आता घट्ट आहे आणि मला, ह्याची लाज वाटते, मजा येते आहे. घासलेल्या उतारावरून काडतूस वर येतं ते मला ऐकू येतं, तेल घातलेल्या कुलपासारखं. पाच. पावतीवर तारीख होती, अकरा डिसेंबर. पिशवी मला मिळाली बाराला, सकाळी साडेसातला. मध्ये एकच रात्र. सहा. एकोणीसशे एक्क्याण्णव. गाढव असतो नाहीतर घाईत. वेंडेल गाढव नाही. सात. एखादी वस्तू वर्षानुवर्षं चालवायची असेल तर माणूस ती पुसतो. एकदाच वापरायची असेल तर कशाला पुसेल?

आठवी मी उडवली नाही. पिस्तूल समोर धरून उभा राहिलो. "अडकलं काय?" बर्निस म्हणाली. "नाही." "मग उडव तरी नाहीतर ठेव तरी." मी उडवली. आठ. भोक कुठे पडलं ते पाहिलं नाही. आठच्या आठ, एकही न अडकता, एकही न फसता. माझ्या हातून ह्यापेक्षा चोख काम झालेलं नाही.

बर्निस टेबलाशी आली तेव्हा डबा उघडाच होता. तिची नजर सरावाची. तिनं बोटानं ते एक काढलं आणि उजेडात धरलं. "फुसकं. हे कुठून आणलंस?" "ज्याचं पिस्तूल त्याचंच. पिनेत ग्रीस होतं. आता ठीक केलंय मी." "ते दिसलं. पण कुठल्या रेंजवर फसलं हे?" "का?" "फुसकं घरी नेऊ देत नाही कोणी. नळी समोर धरून तीस आकडे मोजायचे, कधीकधी उशिरानं उडतं. मग काढायचं आणि ह्यात टाकायचं." तिनं पायानं लाल बादली वाजवली. "सगळीकडे असा डबा असतो. हे तर कोणीतरी परत जागेवर लावून ठेवलंय." तिनं डब्यातली भोकं पाहिली, माझ्या पायाशी पडलेल्या आठ रिकाम्या पितळी पुंगळ्या पाहिल्या. "आठ तू उडवलीस. बाकीची इथंच आहेत. म्हणजे ह्यानं सबंध डब्यातली एकच—" आणि ती थांबली. स्वतःचंच बोलणं उशिरा कानावर पडावं तसा तिचा चेहरा झाला. तिनं काडतूस माझ्या तळहातावर ठेवलं, बादलीत नाही. "मित्र आहे का?" "हो." "बायको?" "ऑक्टोबरात." दालचिनीची गोळी तिच्या दातांवर एकदा वाजली. "कुठं आहे तो आत्ता?" "एकला घरी येतोय. हे न्यायला." "मग तू माझ्या छपराखाली काय करतोयस, नॉर्ब?"

घरी यायला वीस मिनिटं लागतात. पुलावर गाड्या थांबलेल्या, नदीतून बर्फाच्या लाद्या एकमेकींवर चढत चाललेल्या, आणि माझ्या खिशात ते काडतूस, मांडीला लागून गरम झालेलं. मी त्याच्याशी भांडत होतो. कोणाशी, वेंडेलशी की काडतुसाशी, सांगता येत नाही. मला सांगायचं होतंस. सांगितलं नाही कसं? पिशवीत घालून दिलं की. पावतीसकट दिलं, तारखेसकट दिलं, डब्यात बूड वर करून दिलं. आणखी किती सांगायचं असतं एका माणसानं? मी ते वाचलं आणि दुरुस्त केलं. कारखान्याच्या एका आळशी ग्रीसवाल्यानं त्याला वाचवलं होतं, त्या ग्रीसवाल्याचं काम मी कापूस लावून, काडीनं टोकरून, सहा आठवडे खपून पुसून काढलं. मागची गाडी भोंगा वाजवत होती. पूल केव्हाचा मोकळा झाला होता.

नाही देत म्हणता येईल का? म्हणता येईल. तो म्हणेल बरं, आणि कोट घालून निघेल. दुकान त्याच्या घरापासून सहा सिग्नलांवर आहे आणि तिथं काचेखाली अशी डझनभर पडलेली असतात. आणि मग त्याच्याकडे काही मागणारं कोणी उरणार नाही, द्यायचं राहिलेलं, परत करायचं असलेलं काही उरणार नाही. हे सगळं मी तळघराच्या पायऱ्या उतरताना विचार करून ठरवलं असं नाही. मी उतरलो, पिस्तूल उघडलं, पिन काढली, व्हाइसच्या लोखंडी जबड्यात आवळली आणि हातोडा घेतला. काडीएवढी पोलादी वस्तू, मीच चकाकवलेली. आयुष्यात मी चालू वस्तू मोडलेली नाही. मुलाचं खेळणंसुद्धा रागानं कधी आपटलं नाही. पहिल्या फटक्याला ती वाकली. दुसऱ्याला तिचं टोक उडून पाण्याच्या टाकीमागं कुठंतरी गेलं, आणि माझ्या घशातून एक आवाज निघाला. तसा आवाज मी दवाखान्यात दारात उभा असताना ऐकला होता, तेव्हा तो माझा नव्हता, वेंडेलचा होता.

वेंडेल एकला पाच मिनिटं कमी असताना आला. बूट पायपुसण्यावर ठोकले. हातात माझा एक स्क्रूड्रायव्हर, लाल मुठीचा. मी तो कधी दिला होता मलाच आठवत नव्हतं. "हेही तुझंच निघालं," तो म्हणाला आणि टेबलावर ठेवलं. मी कॉफी ओतली. पिस्तूल टेबलावर वर्तमानपत्रावर होतं, स्लाइड काढून बाजूला. त्यानं ते पाहिलं. "उघडून ठेवलंयस."

"मोडलं," मी म्हणालो.

"काय मोडलं?"

"पिन. टोक तुटलं."

"कोणाच्या हातून?"

"माझ्या."

तो माझ्याकडे पाहत राहिला. डोळे तेच, पंपाला हात लावून ताप बघणारे. "म्हाताऱ्या, तुझ्या हातून आजवर स्क्रू खाली पडलेला मी पाहिला नाही."

"पडतो कधी कधी."

त्यानं पिनेचा तुकडा उचलला, तुटलेली बाजू अंगठ्यानं चाचपली. व्हाइसचे दात त्यावर उमटले होते. त्यालाही ते दिसले, दिसणारच. मी खिशातून काडतूस काढून कपाशेजारी उभं केलं. उपडं, खळगा वर. रस्त्यावरून बर्फ ढकलणारी गाडी गेली, कपातली कॉफी थरथरली, काडतूस पडलं नाही.

वेंडेल म्हणाला, "ते परत डब्यात ठेवायला नको होतं मी. पण एक भोक रिकामं दिसत होतं."

मला खूप काही विचारायचं होतं आणि तोंडातून निघालं ते असं: "तीस मोजलेस का? फुसकं निघालं की तीस मोजायचे असतात."

"मोजले," तो म्हणाला. "तीस झाले. मग पुढेही मोजत राहिलो. चार हजारांच्या पुढं चुकलो. मग पहाट झाली, आणि शाळेचा बॉयलर लावायचा होता." त्यानं कॉफीचा घोट घेतला. "तू पुसलंस ना ते? आतलं?"

"हो."

"चालत होतं?"

"आठच्या आठ. आज सकाळी."

"गाढवा," वेंडेल म्हणाला. शिवी घालतो तसं नाही. तो हसला, आणि हसता हसता त्याचं तोंड वाकडं झालं, ते त्यानं बाहीनं झाकलं. मी खिडकीकडे पाहिलं. आमच्याकडे अशा वेळी खिडकीकडेच पाहतात. मग मी मुद्दाम त्याच्याकडे पाहिलं. अवघड होतं.

"भांडी का परत केलीस सगळी?" मी विचारलं.

"लोकांची होती."

"वेंडेल."

"लोकांची होती, नॉर्ब." आणि मग, बाही तशीच तोंडावर ठेवून, "उद्या परवा करणार होतो असं नाही. फक्त सगळं जागेवर असावं. मग बघू असं."

माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर कारखान्याचा फॉर्म होता. कोणाचंही असो, कधीही मोडो, पाठवा, फुकट दुरुस्त करून देऊ. मी तो त्याच्यापुढं सरकवला. "सहा आठवडे लागतात," मी म्हणालो. "कधी आठ."

"दुकान सहा सिग्नलांवर आहे," वेंडेल म्हणाला.

"माहीत आहे मला."

भिंतीवरचं घड्याळ डोलोरेसनं लावलेलं, तासाला एकेक पक्षी ओरडतो, त्यातला एक ओरडून गेला. मग वेंडेलनं फॉर्म उचलून डोळ्यांपासून लांब धरला, चष्मा आणला नव्हता. "दोष एका ओळीत लिहा," त्यानं वाचलं. "लिही."

"काय लिहू? पिन तुटली?"

"लिही, पहिल्याच वेळी चाललं नाही."

मी लिहिलं. माझं अक्षर बरं नाही, त्या दिवशी तर फारच वाईट होतं. तो पाहत होता. मालकाचं नाव त्याचं लिहिलं. दुरुस्त वस्तू कोणत्या पत्त्यावर पाठवायची, असा पुढचा चौकोन होता. पेन थांबलं. पिस्तूल त्याचं, पावती त्याची. मी माझा पत्ता लिहिला. त्याला न विचारता, गल्ली, घराचा आकडा, सगळं, आणि तो आता कागद ओढून घेईल म्हणून हात तसाच वर ठेवला.

वेंडेलनं कागद ओढला. बराच वेळ पाहिला. काडतूस अजून टेबलावर उभं होतं. दुरुस्तीला जाणाऱ्या पेटीत काडतूस पाठवायचं नसतं, तसा नियम आहे. आम्ही दोघंही त्याला हात लावत नव्हतो.

"हा सात आहे की एक?" तो म्हणाला.

"सात."

"एक वाटतोय. गल्लीतल्या डिकनबाईच्या घरी जाईल पेटी, बिचारी हाय खाऊन मरेल." त्यानं कागद परत माझ्याकडे ढकलला. "मधून आडवी रेघ मार. नीट मार."

मी मारली. त्यानं मान तिरकी करून बघितलं, आणि म्हणाला, "अजून एकदा."